नांव नसलेल्या जहाजाची सेवा

जगाच्या इतिहासांत जीं जहाजें अमर झालीं, त्यांचीं नांवें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतात. ट्राफल्गारच्या लढाईंतील नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ कोणास माहीत नाहीं? दुसऱ्या महायुद्धांतील ‘बिस्मार्क’ आणि ‘हूड’ यांच्या झुंजीचें वर्णन वाचतांना तर अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु त्याच महायुद्धांत हजाराहून अधिक जहाजें अशीं होतीं, कीं ज्यांस नांव देण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. त्यांस केवळ क्रमांक मिळाले. त्यांवर मोठ्या तोफा नव्हत्या, त्यांस डौल नव्हता, वेग नव्हता. रणगाडे व माणसें परक्या किनाऱ्यावर नेऊन उतरविणें, आणि पुन्हां भार घेण्यास परत येणें, एवढेंच त्यांचें काम होतें. अशांपैकीं एकाचा, ‘एल्. एस्. टी. ३२५’ या जहाजाचा, सेवावृत्तांत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा वृत्तांत केवळ मनोरंजनासाठीं नव्हे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, मनुष्याची काय किंवा संस्थेची काय, खरी किंमत तिच्या नांवावरून वा डामडौलावरून न करितां, तिनें भार किती वाहिला, कोणासाठीं वाहिला आणि किती वेळां वाहिला, यावरून करावी. आणि अशा सेवेची नोंद ठेवणें हें ज्यांस त्या सेवेचा लाभ झाला त्यांचें कर्तव्य आहे. हें सांगण्यास कोणा थोर तत्त्ववेत्त्याचा आधार न घेतां आम्ही एका लोखंडी जहाजाचा आधार घ्यावा, याचें कांहींस नवल वाटेल. परंतु वाचकांनीं हा वृत्तांत शेवटपर्यंत वाचावा आणि मग आमच्या म्हणण्याचा निवाडा करावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम हीं जहाजें कशासाठीं जन्मास आलीं तें पाहूं. १९४० सालच्या मे-जून महिन्यांत फ्रान्सच्या डंकर्क येथून इंग्लंडनें आपले व आपल्या मित्रांचे मिळून तीन लाखांहून अधिक सैनिक समुद्रमार्गें सोडवून आणिले. माणसें वांचलीं, परंतु रणगाडे, तोफा, मोटारी असें सारें जड साहित्य तेथेंच टाकून यावें लागलें. युरोपच्या भूमीवर पुन्हां पाऊल ठेवावयाचें तर हें जड साहित्य समुद्रापार कसें न्यावें, हा प्रश्न तेव्हांपासून उभा राहिला. बंदरें शत्रूच्या हातीं. धक्का नाहीं, यारी नाहीं. समोर उघडी वाळू. मोठें जहाज समुद्र ओलांडील, पण किनाऱ्यापासून दूरच थांबेल. लहान होडी किनाऱ्यास लागेल, पण रणगाड्यांचा भार घेऊन महासागर ओलांडणार नाहीं. दोन्ही कामें एकाच जहाजानें करावयाचीं, म्हणजे जणूं एकाच पायांत दोन मापांचे जोडे घालावयाचे!

या कोड्याचें उत्तर अमेरिकन आरमाराच्या जहाजबांधणी खात्यांतील जॉन नीडरमायर या आरेखकानें ४ नोव्हेंबर १९४१ रोजीं एका कच्च्या आराखड्यांत मांडलें. त्याची युक्ति साधी होती. जहाजाच्या पोटांत पाण्याच्या टाक्या ठेवाव्या. खोल समुद्रांत त्या भरून घ्याव्या, म्हणजे जहाज खोल बसून चालेल. किनारा जवळ आला कीं तें पाणी पंपानें बाहेर टाकावें, म्हणजे जहाज वर उचललें जाईल. ३२८ फूट लांब व ५० फूट रुंद असें हें धूड किनाऱ्यास लागतांना पुढील बाजूस अवघें तीन फूट पाण्यांत बुडालेलें असे. किनाऱ्याकडे येतां येतां मागील नांगर आधींच समुद्रांत सोडावयाचा. नाळ वाळूंत रुतली कीं पुढचीं दोन मोठीं दारें उघडावयाचीं आणि लोखंडी उतरण खालीं टाकावयाची, म्हणजे पोटांतील रणगाडे आपल्याच चाकांवर चालत भूमीवर जात. भार उतरला कीं त्या मागच्या नांगराचा दोर गुंडाळीत जहाजानें स्वतःस मागें ओढून घ्यावयाचें. परत निघण्याची तजवीज पुढें जाण्यापूर्वींच करून ठेवावयाची, हा या रचनेंतील शहाणपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

परंतु या रचनेची किंमतहि द्यावी लागे. वाळूवर चढावयाचें म्हणून तळ सपाट; आणि तळ सपाट म्हणून खवळलेल्या समुद्रांत जहाज असें डोले कीं जुन्या खलाशांचेंहि डोकें फिरे. रेल्वेच्या इंजिनांत वापरतात त्या जातीचीं दोन डिझेल एंजिनें त्यास चालवीत. वेग पुष्कळ झाला तर ताशीं बारा सागरी मैलांच्या आसपास. ‘एल्. एस्. टी.’ या तीन आद्याक्षरांचा अर्थ खलाशी थट्टेनें ‘मोठें, मंद सावज’ असा लावीत. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळ्यास याचें मर्म सांगावयास नको. खोल तळाचें गलबत भर समुद्रांत डौलानें चालतें, पण गाळाच्या खाडींत त्याचा निभाव लागत नाहीं. उथळ होडी लाटांवर हेलकावे खाते, पण तीच थेट घराच्या अंगणाशीं येऊन टेंकते. ज्यास समुद्रांत दोष म्हणावें तोच किनाऱ्यावर गुण ठरतो. एखाद्या मुलास आपण ‘मंद’ म्हणतों, तेव्हां त्यास कोणत्या कामावर तोलून पाहत आहों, याचा विचार आम्ही शिक्षक व पालक क्वचितच करितों. खोल समुद्राचीं मापें घेऊन आम्ही उथळ किनाऱ्याच्या होडीची परीक्षा घेतों, आणि ती नापास झाली म्हणून हळहळतों!

या जहाजांच्या बांधणीची कथाहि चमत्कारिक आहे. अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावरील मोठ्या गोद्या लढाऊ जहाजांच्या कामांत गुंतलेल्या होत्या. म्हणून समुद्रापासून शेंकडों मैल आंत, नद्यांच्या कांठीं, जेथें पूर्वीं शेतें व मोकळीं रानें होतीं, तेथें नव्या गोद्या उभारिल्या गेल्या. पूल बांधणाऱ्या कारखान्यांनीं जहाजें बांधावयास घेतलीं. ज्यांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता, अशा शेतकऱ्यांनीं, कारागिरांनीं आणि हजारों स्त्रियांनीं लोखंडाचे पत्रे जोडले. ओहायो नदीच्या कांठच्या एव्हन्सव्हिल या एकाच गांवीं अशीं १६७ जहाजें तयार झालीं. महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेनें या जातीचीं १,०५१ जहाजें बांधिलीं. त्यांपैकीं २६ शत्रूच्या माऱ्यानें बुडालीं, आणि १३ वादळें, खडक व अपघात यांत गेलीं.

आमच्या कथेचें जहाज मात्र समुद्राजवळचें. तें फिलाडेल्फिया येथील आरमारी गोदींत बांधलें गेलें, २७ ऑक्टोबर १९४२ रोजीं पाण्यांत उतरलें आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजीं सेवेंत रुजू झालें. वसंत ऋतूंत तें उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोंचलें. जुलै महिन्यांत सिसिली बेटावरील जेला येथील स्वारींत आणि सप्टेंबर महिन्यांत इटलीच्या मुख्य भूमीवरील सालेर्नो येथील स्वारींत त्यानें आपला वांटा उचलला. त्याच इटलीच्या मोहिमेंत पुढल्या वर्षीं, म्हणजे १० जुलै १९४४ रोजीं, टायबर नदीच्या खोऱ्यांत आपल्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. तेव्हां सालेर्नो हें नांव आपल्यास अगदींच परकें आहे असें समजूं नये. दूरदेशीं लढणाऱ्या अशा वीरांच्या मागें अन्न, दारूगोळा व वाहनें पोंचविणारे जे असंख्य निनांवी हात होते, त्यांस एल्. एस्. टी. जातीच्या जहाजांचें मोठेंच साह्य झालें.

यानंतर जहाज इंग्लंडला आलें, आणि १९४४ चा जून महिना उजाडला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील स्वारी ६ जून रोजीं सुरू झाली. आमचें जहाज ‘ओमाहा’ या सांकेतिक नांवाच्या किनाऱ्यासाठीं मागाहून मदतीस जाणाऱ्या तुकडींत होतें. त्या पहिल्या खेपेस त्याच्यावर ५९ वाहनें, ३० अधिकारी आणि ३९६ सैनिक होते. भार उतरवून तें इंग्लंडकडे वळलें तेव्हां त्याच्या पोटांत ३८ जखमी होते. ज्या फळ्यांवर सकाळीं रणगाड्यांचा खडखडाट झाला, त्याच फळ्यांवर आतां माणसें कण्हत पडलीं होतीं. पुढील नऊ महिन्यांत या जहाजानें इंग्लंड आणि फ्रान्स यांमध्यें ४४ खेपा केल्याची नोंद आहे. ओमाहा, यूटा, गोल्ड, जूनो हे किनारे, सेन नदीवरील रूआं, ल हाव्र, शेरबूर अशा ठिकाणीं तें पुन्हां पुन्हां गेलें.

चव्वेचाळीस खेपा! हा आंकडा वाचून पुढें जाणें सोपें आहे. पण त्याजवर क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. पहिल्या खेपेचें वर्णन वर्तमानपत्रें करितात, छायाचित्रें काढिलीं जातात, कवि गीतें रचितात. सतराव्या खेपेचें गीत कोण रचितो? एकतिसाव्या खेपेस धक्क्यावर कोण हार घेऊन उभा राहतो? तरीहि किनाऱ्यावर उतरलेलें सैन्य पहिल्या खेपेवर जगत नाहीं. तें सतराव्या व एकतिसाव्या खेपेवर जगतें. आमच्या घरांतूनहि हेंच चालतें. मुलास शाळेंत घालण्याचा पहिला दिवस सर्वांच्या लक्षांत राहतो. पण त्यानंतर दहा-अकरा वर्षें पहाटे उठून त्याचा डबा भरणारी आई, आणि फीसाठीं दर महिन्यास आपली हौस बाजूस सारणारा बाप, यांच्या खेपांची मोजदाद कोणी केली आहे काय?

येथें एक आक्षेप येईल, व तो योग्यच आहे. कोणी विचारतील कीं, हें जहाज अखेर संहाराचें साधन. त्याची स्तुति मुलांपुढें कशासाठीं? आम्ही युद्धाचे भाट नाहीं. या जहाजानें जे रणगाडे किनाऱ्यावर नेले, त्यांनीं माणसें मारिलीं, आणि त्यांत शत्रुपक्षाच्याहि कोणा मातेचीं लेंकरें होतीं, हें झांकून ठेवून आम्हांस कांहींच सांगावयाचें नाहीं. ज्यांनीं तीं जहाजें चालविलीं त्यांसहि युद्धानें सोडलें नाहीं. नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वीं, २८ एप्रिल १९४४ रोजीं, इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ सराव चालू असतां जर्मन नौकांनीं अचानक हल्ला करून याच जातीचीं दोन जहाजें बुडविलीं. त्या एका रात्रींत सातशेंहून अधिक तरुण प्राणांस मुकले, आणि गुप्ततेसाठीं त्यांच्या मृत्यूची वार्ताहि कांहीं काळ दाबून ठेवण्यांत आली. युद्ध म्हणजे काय, याचें एवढें एक उदाहरण पुरे आहे.

तथापि युद्ध वाईट, म्हणून त्यांत सांपडलेल्या सर्वांचें सर्वच वर्तन सारखें, असा न्याय आम्हांस मान्य नाहीं. नात्झी सत्तेच्या टांचेखालीं सारा युरोप चिरडला जात असतां, ती टांच हटविणें आवश्यक होतें, असें आम्ही मानितों. आणि त्या भयंकर कामांतहि कोणी केवळ मारीत होता, तर कोणी वाहून नेत होता, सोडवीत होता, परत आणीत होता. मुलांनीं कोणाकडे पाहून शिकावें, हें आम्ही निवडूं शकतों. त्यासाठींच पुढील प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतों.

१९४४ च्या नाताळास तीन दिवस झाले होते. ‘एम्पायर जॅव्हलिन’ नांवाचें सैनिकवाहू जहाज सैनिक घेऊन इंग्लंडहून फ्रान्सकडे जात होतें. २८ डिसेंबर रोजीं तें पाणतीराचा आघात झाल्यासारखें फुटून बुडूं लागलें. थंडीचे दिवस, खाडींतील गोठविणारें पाणी, आणि आसपास आणखी धोका असण्याचा संभव. अशा वेळीं जें जहाज शेजारीं येऊन उभें राहील, तें स्वतःच लक्ष्य होणार. एल्. एस्. टी. ३२५ पुढें झालें व बुडत्या जहाजास येऊन भिडलें, आणि सुमारें सातशें माणसांची सुटका करण्यास त्यानें साह्य केलें. या कामगिरीबद्दल जहाजाचे कप्तान लेफ्टनंट कमांडर क्लिफर्ड मोझिअर यांस ब्राँझ स्टार हें पदक मिळालें. ‘मोठें, मंद सावज’ म्हणून ज्याची थट्टा होई, त्याच जहाजाचें रुंद व सपाट शरीर त्या दिवशीं शेंकडों माणसांस आसरा देण्याच्या कामीं आलें.

युद्ध संपल्यावर १९४५ सालीं जहाज मायदेशीं परत निघालें. वाटेंत अटलांटिक महासागरांत मोठें वादळ झालें, व एका प्रचंड लाटेवर आदळून त्याच्या वरच्या मजल्यास आडवी चीर पडली. कारागिरांनीं त्या चिरेवर लोखंडी पत्रे जोडून जहाज सांवरलें आणि घरीं पोंचविलें. २ जुलै १९४६ रोजीं त्यास सेवेंतून निवृत्त करण्यांत आलें. एवढ्यावर ही कथा संपली असती, तरी ती सफळ झाली असें कोणीहि म्हटलें असतें. पण १९५१ सालीं पुन्हां बोलावणें आलें. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रांत, कॅनडा व ग्रीनलंड यांच्या किनाऱ्यांवर रडारचीं ठाणीं बांधण्याचें काम चाललें होतें. त्यासाठीं सामान वाहण्यास हेंच जुनें जहाज निघालें. १९६१ सालीं त्याचें नांव आरमाराच्या पटावरून काढिलें गेलें. १९६४ सालीं तें ग्रीस देशास देण्यांत आलें. तेथें त्यास ‘सीरोस’ हें एका ग्रीक बेटाचें नांव मिळालें. सेवेंत रुजू झाल्यावर एकवीस वर्षांनीं त्याचें नामकरण झालें, आणि तेंहि परक्या देशांत! त्या नांवानें १९९९ सालपर्यंत त्यानें ग्रीक आरमाराची चाकरी केली.

आतां या कथेंतील जो भाग आम्हांस सर्वांत हृद्य वाटतो, त्याकडे वळूं. महायुद्धांत अशा जहाजांवर चाकरी केलेले खलाशी एव्हांना वृद्ध झाले होते. आपल्या जातीचें एक तरी जहाज नातवंडांस दाखविण्यासाठीं राहावें, असें त्यांच्या मनांत आलें. त्यांनीं संस्था काढिली, पैसे जमविले, सरकारदरबारीं खटपट केली, आणि २००० सालीं ते ग्रीसमधील क्रीट बेटावर जाऊन पोंचले. त्यांचें सरासरी वय बहात्तर वर्षांचें होतें. गंजलेलें, टाकून दिलेलें तें जहाज त्यांनीं अनेक महिने राबून स्वतःच्या हातांनीं दुरुस्त केलें. नोव्हेंबर महिन्यांत, अटलांटिक महासागर खवळण्याचे दिवस आले असतां, हे आजोबा तें जहाज हांकारून निघाले. जिब्राल्टर येथें थांबून त्यांस पुन्हां दुरुस्ती करावी लागली. तरीहि सुमारें साडेसहा हजार मैलांचा प्रवास करून १० जानेवारी २००१ रोजीं त्यांनीं तें अमेरिकेंतील मोबील बंदरास सुखरूप आणिलें. पुढें २००५ सालीं तें एव्हन्सव्हिल येथें कायमचें वस्तीस गेलें. ज्या गांवानें त्याचीं १६७ भावंडें बांधिलीं होतीं, तेथेंच त्याची नदीकांठीं सोय झाली. आज तें संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळतें, आणि मुलें त्याच्या पोटांत शिरून रणगाड्यांची जागा आपल्या पावलांनीं मोजतात.

हें आपल्या देशांत घडलें असतें काय? कटु वाटलें तरी हा प्रश्न आम्ही विचारतों. आपल्या आरमारांतहि याच कुळांतील एक जहाज होतें. ब्रिटिशांकडून १९४९ सालीं आलेल्या त्या जहाजाचें नांव ‘मगर’. आज आपल्या किती विद्यार्थ्यांनीं तें नांव ऐकिलें आहे? मगरची गोष्ट राहूं द्या. १९७१ च्या युद्धांत पूर्वेकडील समुद्रांत ज्याच्या विमानांनीं पराक्रम गाजविला, तें पहिलें ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झालें, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून राहिलें, आणि शेवटीं २०१४ सालीं भंगाराच्या भावानें विकलें जाऊन मुंबईच्याच धक्क्यावर त्याचे तुकडे झाले. जुनें जहाज सांभाळण्यास फार पैसा लागतो, त्याचा तळ गंजतो, तें धोकादायक होतें, हें आम्ही जाणतों. सर्वच जुन्या वस्तु जतन करणें कोणत्याहि राष्ट्रास शक्य नाहीं. ज्यांस त्या जहाजाच्या रक्षणाचा खर्च करावयाचा होता, त्यांची अडचण खरी होती. परंतु एव्हन्सव्हिलच्या जहाजास प्रथम वांचविलें तें सरकारच्या तिजोरीनें नव्हे. ज्यांनीं त्यावर चाकरी केली होती अशा मूठभर म्हाताऱ्यांच्या कृतज्ञतेनें वांचविलें. सरकार करील म्हणून आम्ही वाट पाहत बसतों, आणि तोंपर्यंत गंज थांबत नाहीं.

आणि जहाजांचें तरी काय सांगावें! ज्या समाजास आपल्या वृद्ध माणसांच्या सेवेची आठवण राहत नाहीं, तो लोखंडाची आठवण ठेवील, ही आशाच व्यर्थ आहे. एल्. एस्. टी. ३२५ नें नऊ महिन्यांत ४४ खेपा केल्या, हें आज आपण सांगूं शकतों, कारण त्या जहाजावर रोजची नोंदवही असे. कोणत्या दिवशीं कोठें गेलों, काय चढविलें, काय उतरविलें, हें लिहून ठेवण्याची शिस्त होती. आमच्या आजोबांची नोंदवही कोठें आहे? गिरणींत तीस वर्षें उभें राहून ज्यांनीं चार भावंडांस शिकविलें, गांवोगांव पायीं जाऊन ज्यांनीं टपाल पोंचविलें, ज्या सुईणीनें शेंकडों बालकांस प्रथम हातांत घेतलें, त्यांच्या खेपा कोणी लिहिल्या आहेत? तीं माणसें गेलीं कीं त्यांबरोबर तो इतिहासहि जातो. मागें भिंतीवर एक धूसर छायाचित्र राहतें, आणि नातवास त्याखालचें नांवहि वाचतां येत नाहीं.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली सूचना शाळेच्या चालकांस व पालकांस. पारितोषिक-समारंभाच्या दिवशीं पहिल्या क्रमांकांचा गौरव होतो, तो व्हावा. त्यांत आम्हांस मुळींच मत्सर नाहीं. परंतु वर्षभर आजारी मित्रास रोजचा धडा लिहून नेऊन देणारा, वर्गाचें पाणी भरून ठेवणारा, लहान मुलांस रस्ता ओलांडून देणारा असा जो विद्यार्थी असतो, त्याच्या खेपाहि कोणी तरी मोजाव्या. तो खोल समुद्राच्या परीक्षेंत मागें पडला असेल. किनाऱ्यावर त्याचीच गरज लागते. आणि पालकांनीं घरीं गुणपत्रिका पाहतांना मुलास ‘तुझा कितवा क्रमांक आला?’ या प्रश्नाबरोबर ‘यंदां तूं कोणाच्या उपयोगीं पडलास?’ हाहि प्रश्न विचारावा. मूल काय उत्तर देतें तें पाहून पालकांसच पुष्कळ कळून येईल.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांस. बालमित्रांनो, येत्या सुटींत एक कोरी वही घ्या. आपल्या घरांतील किंवा आळींतील एक वृद्ध व्यक्ति निवडा, आणि तिच्यापाशीं रोज अर्धा तास बसा. तिनें कोणतें काम केलें, किती वर्षें केलें, त्यासाठीं किती चालावें लागे, वेतन काय मिळे, कोणत्या संकटांत कोणास साह्य केलें, कोणत्या वादळांत चीर पडली आणि ती कशी सांधली, हें सारें विचारा व तारीखवार लिहा. अलंकार नकोत, अतिशयोक्ति नको. जहाजाच्या नोंदवहींत असतो तसा साधा मजकूर पुरे. ती व्यक्ति प्रथम म्हणेल, ‘मीं काय मोठेंसें केलें आहे, बाळ!’ तुम्ही तेवढ्यानें उठून जाऊं नका. एल्. एस्. टी. ३२५ लाहि कोणी विचारलें असतें तर त्यानें हेंच उत्तर दिलें असतें.

अशा वह्या जमल्या तर शाळेच्या ग्रंथालयांत त्यांसाठीं एक कपाट राखून ठेवावें, असें आम्हीं सुचवितों. त्यास फार खर्च नाहीं; त्यास गंजहि चढणार नाहीं. आणि पन्नास वर्षांनीं कोणी विद्यार्थी तें कपाट उघडील, तेव्हां आपलें गांव कोणाच्या खांद्यांवरून येथवर आलें, हें त्यास नांवानिशीं वाचावयास मिळेल.